नऊ विरुद्ध आठ: पॅसिफिक आयलंड्स फोरममधली फूट आणि ती सांधण्याची दोन वर्षे

फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरम या पॅसिफिक महासागरातल्या देशांच्या संघटनेने आपला नवा सरचिटणीस मतदानाने निवडला. निकाल ९ विरुद्ध ८ असा लागला. आठवडा उलटायच्या आत अठरापैकी पाच सदस्य देशांनी बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. वरवर पाहता हे एका पदाचे भांडण होते. खोलात गेल्यावर मात्र पन्नास वर्षांची खदखद दिसते: बैठकीत कोणाचे ऐकले जाते, कोणाला गृहीत धरले जाते आणि कागदावर नसलेला शब्द नेमका कोणाला बांधतो. तिढा सुटायला दोन वर्षे लागली. त्या काळात कोणी, कधी, कोणता निर्णय घेतला आणि त्याऐवजी काय करता आले असते, ते इथे क्रमाने पाहू. मला हे प्रकरण मोलाचे वाटते, कारण फौज, पैसा आणि लोकसंख्या यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या देशांची एकजूट कशावर उभी असते ते त्यात स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

पॅसिफिकमध्ये वसाहती असलेल्या देशांनी १९४७ मध्ये साउथ पॅसिफिक कमिशन नावाची संघटना काढली होती. आरोग्य, शेती, शिक्षण यांवर तिथे चर्चा चाले, पण राजकारणाचा विषय वर्ज्य होता. फ्रान्स पॅसिफिकमध्ये अणुचाचण्या करत होता आणि ज्यांच्या समुद्रावर त्या होत होत्या त्यांना त्याबद्दल तिथे तोंड उघडता येत नसे. नव्याने स्वतंत्र झालेल्या बेटांच्या नेत्यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. ऑगस्ट १९७१ मध्ये वेलिंग्टनला नौरू, पश्चिम सामोआ, टोंगा, फिजी, कुक बेटे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे सात जण एकत्र बसले आणि साउथ पॅसिफिक फोरम सुरू झाला. विषुववृत्ताच्या उत्तरेकडचे देश येत गेले तसे नावातले ‘साउथ’ अपुरे पडू लागले आणि शतक बदलताना आजचे नाव आले. सचिवालय फिजीची राजधानी सुव्हा इथे आहे.

फोरमच्या नावावर जमा असलेली कामे लहान नाहीत. १९८५ चा रारोटोंगा करार, म्हणजे दक्षिण पॅसिफिक अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा करार, याच व्यासपीठावर झाला. सॉलोमन बेटांमध्ये यादवी माजली तेव्हा २००० च्या बिकेटावा जाहीरनाम्याच्या आधारावर शेजाऱ्यांनी मिळून शांतिपथक पाठवले. ते २००३ पासून २०१७ पर्यंत तिथे होते. हवामानाच्या वाटाघाटींत तापमानवाढीवर दीड अंशाची मर्यादा लावून धरणाऱ्यांमध्येही हीच बेटे पुढे होती.

सदस्यांचे सांस्कृतिक-भौगोलिक गट तीन: मेलानेशिया, पॉलिनेशिया आणि मायक्रोनेशिया. या प्रकरणाच्या केंद्रस्थानी तिसरा गट आहे. त्यात पलाऊ, मायक्रोनेशिया संघराज्य, मार्शल बेटे, नौरू आणि किरिबाटी असे पाच देश येतात. नौरूचे सगळे क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. किरिबाटीची जमीन सुमारे ८०० चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षा मोठा. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या आणि तिथल्या माणसांना आपली बेटे सोडावी लागली. पलाऊ, मायक्रोनेशिया संघराज्य आणि मार्शल बेटे हे तीन देश आजही अमेरिकेशी विशेष कराराने जोडलेले आहेत. त्यांचा विमानप्रवास, व्यापार, नातीगोती यांचा ओढा गुआम आणि हवाईकडे. सुव्हाला जायचे म्हणजे बहुधा कितीतरी मोठा वळसा घालून जावे लागते. फोरम दक्षिणेत जन्मला, दक्षिणेत वाढला, त्याची कार्यालये दक्षिणेत. आपण या घरात पाहुण्यासारखे आहोत ही उत्तरेची भावना जुनी होती.

या पाच जणांना मिळून काम करण्याची ताकद मात्र चांगली ठाऊक होती. १९८२ च्या नौरू कराराने ट्यूना माशांच्या समुद्राचे मालक असलेले देश एकत्र आले. पाचही मायक्रोनेशियन देश त्यात आहेत, शिवाय पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि तुवालू. २००७ पासून त्यांनी परदेशी जहाजांना मासेमारीचे ‘दिवस’ विकायला सुरुवात केली. एकूण दिवस ठरलेले आणि त्यांची किमान किंमत सर्वांनी मिळून ठरवलेली. त्याआधी एकेका देशाला गाठून जहाजमालक भाव पाडत असत. नवी पद्धत आल्यावर काही वर्षांतच बेटांचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. या व्यवस्थेचे कार्यालय मार्शल बेटांची राजधानी माजुरो इथे आहे. तेव्हा फोरममधून बाहेर पडण्याची भाषा करणारे लोक सहकार्याला कंटाळलेले होते असे कोणी म्हणू नये. सहकार्य नीट चालले तर काय मिळते हे त्यांनी स्वतः करून पाहिले होते.

प्रश्न कुठे होता

सरचिटणीसाचे पद तीन गटांमध्ये पाळीपाळीने जावे असा एक अलिखित समझोता फोरममध्ये होता. लेखी नियम नव्हता. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. ग्रामपंचायतीत किंवा सहकारी सोसायटीत ‘अडीच वर्षे तुझी, अडीच वर्षे माझी’ असा शब्द दिला जातो आणि अडीच वर्षे झाल्यावर खुर्चीवरच्या माणसाला तो आठवत नाही. तेव्हा कोणता कागद दाखवायचा?

फोरमचा इतिहास पाहिला तर मायक्रोनेशियाचा दावा भक्कम होता. १९९२ ते १९९८ मध्ये किरिबाटीचे येरेमिया तबाई सरचिटणीस होते. पन्नास वर्षांत त्या गटाला मिळालेली ती एकमेव संधी. त्यानंतर पापुआ न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, सामोआ आणि पुन्हा पापुआ न्यू गिनी असा क्रम झाला. शेवटच्या होत्या मेग टेलर, म्हणजे मेलानेशियाच्या. त्याआधीचे तुइलोमा नेरोनी स्लेड पॉलिनेशियाचे. पुढची पाळी कोणाची, हे सांगायला गणित लागत नव्हते.

मायक्रोनेशियाने आपला उमेदवार दिला: मार्शल बेटांचे अमेरिकेतले राजदूत गेराल्ड झॅकियोस. पाचही अध्यक्षांचा त्यांना एकमुखी पाठिंबा होता. पण इतर गटांनीही नावे पुढे केली. कुक बेटांचे माजी पंतप्रधान हेन्री पुना, फिजीचे माजी परराष्ट्रमंत्री इनोके कुंबुआबोला, शिवाय सॉलोमन बेटे आणि टोंगा यांचे उमेदवार. समझोता मोडल्याचा ठपका नंतर बहुतेक एकट्या कुक बेटांवर आला. माझ्या मते तो पुरा न्याय नाही. दोन्ही गटांतल्या चार देशांनी उमेदवार उभे केले, तेव्हाच पाळीची गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली होती.

यावर मायक्रोनेशियाच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये पलाऊत झालेल्या आपल्या शिखर बैठकीत मेक्रेओस निवेदन काढले. आमचा उमेदवार नाकारला गेला, तर फोरममध्ये राहण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही, असा त्याचा आशय होता.

हा प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा. खासगीत सांगितलेला इशारा समोरच्याला मार्ग बदलायला जागा देतो. जाहीर इशारा दोन्ही बाजूंना बांधून टाकतो. निवेदन निघाल्यावर झॅकियोस यांना मत देणे म्हणजे धमकीपुढे झुकणे असे काहींना वाटू लागले, आणि हरल्यावर न निघणे म्हणजे आपला शब्द गिळणे असे मायक्रोनेशियाला वाटणार हेही ठरून गेले. तरीही त्यांना दोष देताना माझा हात आखडतो. शांतपणे सांगून पाहण्याचे दिवस त्यांनी बरेच काढले होते.

मतदानाआधीचे पर्याय

३ फेब्रुवारी २०२१ ला नेते जमले ते पडद्यावर. कोविडमुळे सीमा बंद होत्या. व्हानुआटूत २०२० मध्ये व्हायची वार्षिक बैठक आधीच पुढे गेली होती. अध्यक्षपद तुवालूचे पंतप्रधान कौसिया नातानो यांच्याकडे होते. त्यांच्यासमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, समझोता पाळून झॅकियोस यांच्या नावावर एकमत घडवणे. विरोधात युक्तिवाद असा होता की नियम लेखी नाही आणि हवामान, कोविड, महासत्तांची चढाओढ अशा काळात माजी पंतप्रधानाचे वजन असलेला माणूस हवा. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण त्याची वेळ चुकली होती. पाळी बदलायची असेल तर ती कोणाचीच पाळी चालू नसताना बदलावी लागते.

दुसरी, निर्णय पुढे ढकलणे. मेग टेलर यांना काही महिने मुदतवाढ देऊन नेते समोरासमोर भेटू शकतील तोपर्यंत थांबता आले असते. कारभार अडला नसता.

तिसरी, मतदान. नियमांत त्याला मुभा होती. पण फोरमची रीत एकमताची. तिथे वाद मिटतात ते बैठकीच्या सभागृहात कमी आणि नेत्यांच्या एकांत भेटीत जास्त. वर्षातून एकदा सगळे अधिकारी बाहेर ठेवून नेते एका बेटावर जातात, एकत्र जेवतात, चालतात, रुसतात आणि मग तोडगा निघतो. पडद्यावरच्या चौकटींमध्ये यातले काहीच होत नाही. माइक बंद केला की माणूस नाहीसा होतो.

तिसरी वाट धरली गेली. मतदान गुप्त होते. फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन शेवटी पुना आणि झॅकियोस उरले आणि पुना ९ विरुद्ध ८ मतांनी निवडून आले.

एका मताने निवडलेला सरचिटणीस हा एकमताच्या संघटनेत जिंकूनही अडचणीतच असतो. आकडे तसे पडताहेत हे दिसल्याबरोबर शेवटची फेरी थांबवायला हवी होती असे मला ठामपणे वाटते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याकडे तो आग्रह धरण्याइतके वजन होते. फोरमच्या खर्चाचा मोठा वाटा तेच उचलतात. त्यांनी कोणाला मत दिले हे गुप्तच राहिले आणि त्या गुप्ततेनेच संशय वाढवला. सगळी निर्णयशृंखला पाहिली तर ही सर्वांत महाग पडलेली रात्र होती.

बाहेर पडण्याची घोषणा

पलाऊने लगेच फिजीतला आपला दूतावास बंद करत असल्याचे सांगितले. तिथले अध्यक्ष सुरँगेल व्हिप्स पदावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. काही दिवसांत पाचही अध्यक्षांनी संयुक्त निवेदन काढून फोरममधून बाहेर पडण्याची औपचारिक प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. किरिबाटीचे तानेती मामाउ, मार्शल बेटांचे डेव्हिड काबुआ, मायक्रोनेशिया संघराज्याचे डेव्हिड पानुएलो, नौरूचे लायोनेल आइंगिमेआ आणि पलाऊचे व्हिप्स अशी ही पाच नावे.

त्यांच्यासमोरही पर्याय होते: आत राहून निषेध नोंदवणे, बैठकांवर बहिष्कार टाकणे किंवा बाहेर पडणे. त्यांनी सर्वांत कडक पर्याय उचलला, पण त्यात एक फट होती आणि तीच पुढे कामाला आली. फोरमच्या करारानुसार लेखी सूचना दिल्यापासून एक वर्षाने सदस्यत्व संपते. म्हणजे फेब्रुवारी २०२२ पर्यंत सगळे कायद्याने सदस्यच होते. रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाला एक वर्ष थंड व्हायला दिले गेले. करार लिहिणाऱ्यांनी घातलेले हे कलम साधे दिसते, पण फोरम वाचला त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मासेमारी, पर्यावरण, विद्यापीठ अशा प्रादेशिक संस्थांची सदस्यत्वे वेगळी असल्याने रोजचे काम तुटणार नव्हते. तुटणार होती ती एका आवाजात बोलण्याची ताकद. जगाच्या नकाशावरचा एवढा मोठा समुद्र ‘पॅसिफिक’ म्हणवणाऱ्या संघटनेतून वजा झाला असता.

समेटाचे वर्ष

पहिले महिने सुन्न गेले. पुना २०२१ च्या मध्यावर पदावर आले. ऑगस्टमध्ये अध्यक्षपद फिजीकडे गेले आणि पंतप्रधान फ्रँक बैनीमरामा यांनी पहिल्याच भाषणात मायक्रोनेशियाच्या नेत्यांची जाहीर माफी मागितली. हे प्रकरण आपण अधिक चांगले हाताळायला हवे होते, असे ते म्हणाले. फिजीने हे करावे याला वेगळे वजन होते. लष्करी राजवटीमुळे फिजी स्वतः २००९ मध्ये निलंबित झाला होता आणि २०१४ पर्यंत दाराबाहेर होता. रागाने त्याने वेगळी प्रादेशिक संघटनाही काढली होती. वेगळी चूल मांडून काय मिळते आणि काय जाते, ते बैनीमरामा यांना ऐकीव नव्हते.

त्याच ऑगस्टमधल्या बैठकीत फोरमने एक जाहीरनामा मंजूर केला, ज्याकडे भांडणाच्या गोंगाटात फारसे लक्ष गेले नाही. समुद्राची पातळी वाढून किनारा मागे सरकला तरी एकदा नियमाने आखलेल्या सागरी सीमा आणि त्यांतून मिळणारे हक्क कमी होणार नाहीत, ही भूमिका सगळ्यांनी मिळून घेतली. किरिबाटी किंवा मार्शल बेटांसारख्या प्रवाळबेटांच्या देशांसाठी हा जगण्याचा प्रश्न आहे. समुद्र गेला तर ट्यूना गेला आणि ट्यूना गेला तर सरकारची तिजोरी गेली. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावर दिलेल्या सल्लागारी मतात, समुद्र वाढल्यामुळे आखलेल्या सीमारेषा बदलण्याचे बंधन देशांवर नाही, असे म्हटले. या दिशेने जग सरकले त्याला बेटांनी सातत्याने आणि एकत्रितपणे मांडलेली भूमिका कारण आहे. २०२१ मध्ये फोरम खरोखर फुटला असता, तर हा मुद्दा अठरा जणांनी मांडला असता की तेरा आणि पाच अशा दोन सुरांत, याचा विचार केला म्हणजे भांडणाची खरी किंमत कळते.

पडद्यामागे राजकीय संवाद सुरू राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुदत संपत आली तेव्हा मायक्रोनेशियाने बाहेर पडणे काही महिने स्थगित केले. सुधारणांचे आश्वासन त्यांना हवे होते आणि पुना यांनी पायउतार व्हावे ही मागणीही होती.

मग बाहेरून दबाव आला. एप्रिल २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला. मेअखेर चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी पॅसिफिकच्या दौऱ्यावर आले. दहा देशांशी एकाच वेळी करायच्या व्यापक कराराचा मसुदा त्यांच्याजवळ होता. पानुएलो यांनी शेजारी नेत्यांना पत्र लिहून त्याला उघड विरोध केला. ३० मे रोजी सुव्हात बैठक झाली, पण एकमत नसल्याने करार झाला नाही. त्यानंतर आठ दिवसांनी, ७ जूनला, त्याच सुव्हात फोरमच्या नेत्यांमध्ये समेट झाला. एकाचा परिणाम दुसरा, असे सरळ म्हणणे धाडसाचे होईल. एवढे नक्की की बाहेरच्यांना तोंड द्यायचे तर घरातले मिटवायला हवे, ही जाणीव त्या आठवड्यात सर्वांना टोचत होती.

सुव्हा करार

कराराचा गाभा सांगायला सोपा आहे. पुना आपली मुदत २०२४ पर्यंत पूर्ण करतील. पुढचा सरचिटणीस मायक्रोनेशियाचा असेल. त्यानंतर पद गटांमध्ये पाळीने फिरेल आणि हे आता लेखी असेल. फोरमचे एक उपप्रादेशिक कार्यालय मायक्रोनेशियात उघडेल आणि पॅसिफिक महासागर आयुक्ताचे कार्यालयही तिकडे जाईल.

मला यातली दुसरी अर्धी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. सरचिटणीस येतो आणि जातो. कार्यालय राहते. उत्तरेत कार्यालय असणे म्हणजे तिथल्या तरुण पदवीधराला प्रादेशिक कामात शिरायला आपल्याच भागात दार असणे, बैठका तिकडे होणे, दक्षिणेतल्या अधिकाऱ्यांनी कधीतरी उलट दिशेचा लांब प्रवास करणे. तक्रार एका पदाची नव्हती हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच हा भाग घातला असणार.

मायक्रोनेशियाने पुना यांच्या राजीनाम्याचा हट्ट सोडला, हेही नोंदवायला हवे. त्या बदल्यात त्यांना कायमची व्यवस्था मिळाली. पुना यांनीही ज्यांनी आपल्याला नाकारले त्यांच्याशी बोलत राहण्याचे काम नेटाने केले.

किरिबाटीची रिकामी खुर्ची

करारात एक गंभीर त्रुटी होती. तो होताना पाचही अध्यक्ष सुव्हात नव्हते. व्हिप्स आणि पानुएलो प्रत्यक्ष होते. सामोआच्या तत्कालीन पंतप्रधान फियामे नाओमी माताआफा आणि कुक बेटांचे पंतप्रधान मार्क ब्राउन होते. किरिबाटीने करारावर सही केली नाही.

५१वी वार्षिक बैठक ११ ते १४ जुलै २०२२ या तारखांना सुव्हात ठरली. १२ जुलै हा किरिबाटीचा स्वातंत्र्यदिन. तारीख बदलावी अशी विनंती त्या देशाने केली होती, ती मान्य झाली नाही. बैठक सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मामाउ यांचे पत्र आले: मायक्रोनेशियाच्या तक्रारींचे निराकरण झालेले नाही आणि किरिबाटी तत्काळ बाहेर पडत आहे.

बाहेरच्या माध्यमांनी लगेच चीनचे नाव घेतले. किरिबाटीने २०१९ मध्ये तैवान सोडून चीनशी संबंध जोडले होते, त्यामुळे ती शंका स्वाभाविक होती. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे त्या देशाचे म्हणणे पुन्हा एकदा न ऐकणे. पत्रात मांडलेली तक्रार समानतेची होती आणि ती दीड वर्ष सर्वांसमोर होती. स्वातंत्र्यदिनाची तारीख चुकवणे फोरमला काही कठीण नव्हते. दुखावलेल्या माणसाशी समेट करताना अशा लहान गोष्टींनाच सर्वांत जास्त जपावे लागते.

त्याच बैठकीत ‘ब्लू पॅसिफिक महाद्वीपासाठी २०५० धोरण’ मंजूर झाले. पुढच्या तीस वर्षांचे एकत्रित धोरण ठरत असताना सर्वांत मोठ्या समुद्रांपैकी एकाचा मालक खोलीत नव्हता.

निष्पत्ती

डिसेंबर २०२२ मध्ये फिजीत सत्ताबदल झाला. नवे पंतप्रधान सितिवेनी राबुका यांनी फोरमचे अध्यक्ष म्हणून पहिला परदेश दौरा किरिबाटीचा केला. जानेवारी २०२३ मध्ये ते किरिबाटीची राजधानी तारावा इथे गेले आणि फिजीच्या परंपरेप्रमाणे विधिपूर्वक क्षमा मागितली. महिना संपायच्या आत किरिबाटीने परतण्याचा निर्णय जाहीर केला.

पत्रव्यवहार आणि कायदेशीर मसुदे यांनी वर्षभरात जे साधले नव्हते ते या भेटीने साधले. पॅसिफिकमध्ये अध्यक्ष स्वतः उठून दुसऱ्याच्या बेटावर जातो याला अर्थ असतो. बैनीमरामा यांची माफी खरी होती, पण ती पडद्यावरून आली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये फिजीतल्या नांदी इथे विशेष बैठक झाली. अठराही सदस्य पुन्हा एकत्र होते. मायक्रोनेशियाने आपसात वाटणी आधीच ठरवली होती: सरचिटणीस नौरूचा, उपप्रादेशिक कार्यालय किरिबाटीत, महासागर आयुक्तालय पलाऊत. अध्यक्षपद फिजीकडून कुक बेटांच्या मार्क ब्राउन यांच्याकडे गेले. नौरूचे माजी अध्यक्ष बॅरन वांगा यांनी जून २०२४ मध्ये सरचिटणीसपदाची सूत्रे घेतली.

तेही विनासायास झाले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुक बेटांत झालेल्या बैठकीत वांगा यांच्या नावावर प्रश्न उपस्थित झाले. ते २०१३ ते २०१९ या काळात नौरूचे अध्यक्ष असतानाच्या कारभारावर टीका झालेली होती. चर्चा सुरू होताच नौरूचे अध्यक्ष डेव्हिड आडिआंग उठून गेले. शेवटी नेत्यांनी नेमणूक कायम केली. पुन्हा फूट पडण्याची जोखीम कोणालाच घ्यायची नव्हती.

काय वेगळे करता आले असते

पाळीचा समझोता मेग टेलर पदावर असतानाच लेखी करता आला असता. त्या काळात तो कोणाच्याच डोळ्यांत खुपला नसता. लिहिताना ‘पाळी कधी मोडता येईल’ हेही ठरले असते आणि लायकीचा युक्तिवाद करणाऱ्यांना आपले म्हणणे मांडायला जागा मिळाली असती.

फेब्रुवारी २०२१ चे मतदान पुढे ढकलायलाच हवे होते. याबाबत माझ्या मनात शंका नाही. ज्या संघटनेला आपला निर्णय अमलात आणायला कोणतीही सक्ती वापरता येत नाही, तिने निसटत्या बहुमतावर नेता निवडू नये. निदान एवढा नियम आता हवा की शेवटच्या फेरीत ठराविक फरक नसेल, तर अध्यक्षाने मतदान थांबवून सल्लामसलत सुरू करावी.

मायक्रोनेशियाच्या नेत्यांनी मेक्रेओस निवेदनात बाहेर पडण्याऐवजी सहभाग थांबवण्याची भाषा वापरली असती, तर परतीची वाट कमी खडतर झाली असती. किरिबाटीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण नोटिशीच्या वर्षाचा आसरा तिने २०२२ मध्ये घेतला नाही.

सुव्हा करार पाचही अध्यक्ष समोर येईपर्यंत थांबवायचा की नाही, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. थांबले असते तर जुलैची बैठक समेटाविना गेली असती आणि बाकीचे चारही कदाचित हातचे गेले असते. न थांबल्यामुळे एक जण गेला. त्या क्षणी मीही करार करण्याच्याच बाजूने असतो. मात्र सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तारावाच्या विमानात बसायला हवे होते. राबुका सात महिन्यांनी बसले.

आणि वांगा यांच्या नावावरून झालेल्या वादाने उरलेली एक बाजू उघडी पाडली. पद कोणत्या गटाकडे जाईल हे आता लिहिलेले आहे, पण गटाने सुचवलेल्या नावाबद्दल इतरांना शंका असल्यास ती कधी आणि कोणासमोर मांडायची हे ठरलेले नाही. त्यामुळे ती थेट नेत्यांच्या बैठकीत येते आणि एखाद्या राष्ट्राध्यक्षाचा अपमान झाल्याशिवाय बोलता येत नाही. गटाने नाव जाहीर करण्याआधी काही महिने इतर दोन गटांच्या प्रतिनिधींशी खासगी विचारविनिमय करावा, अशी तरतूद पाळीच्या नियमात घालता येईल. पुढची पाळी दुसऱ्या गटाकडे जाण्याआधी हे करणे सोपे आहे. तेव्हा मायक्रोनेशियाचा माणूस सरचिटणीस असेल आणि या तरतुदीचा प्रस्ताव त्याच्याच कार्यालयातून आला, तर तो कोणावर रोख ठेवून आणला आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.